मंदीत अमेरिकेतले लोक नक्की काय वाचत होते, आणि वाचनगटासाठी त्यातलं काय निवडावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा दहा-बारा जणांचा वाचनगट आहे, १९३० च्या दशकातल्या अमेरिकन महामंदीतली पुस्तकं सहा महिने वाचायची असं ठरलंय, तुम्ही त्या दशकात सगळ्यात जास्त खपलेल्या कादंबऱ्यांची वर्षवार यादी काढली आणि तिथेच अडकलात. कारण यादीत चीनमधला शेतकरी आहे, नेपोलियनच्या काळातला साहसी तरुण आहे, यादवी युद्धातली जमीनदाराची मुलगी आहे, आणि त्याच मंदीत घरदार सोडून निघालेल्या माणसांची गोष्ट पहिल्या नंबरवर यायला थेट १९३९ साल उजाडतं. म्हणून तुम्ही विचारलंय की लोक वास्तवापासून पळत होते का, आणि तसं असेल तर अशी पुस्तकं वाचून मंदीबद्दल काय हाती लागणार.

मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे, आणि आमच्याकडेही नऊ वर्षं वाचकगट चालतो. ह्या दशकातली पाच पुस्तकं आम्ही केली, काहींनी इंग्रजीत वाचली, बाकीच्यांना मी प्रकरणाप्रकरणाने मराठीत सांगितली. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकते, लोक पळत नव्हते. भूक, जप्ती, स्थलांतर, जमीन जाणं, हे सगळं ते वाचत होते, फक्त ते दुसऱ्याच्या गावात नेऊन वाचत होते. आपल्या घरात दुखणं असलं की माणूस शेजारच्या घरातल्या दुखण्याबद्दल मोकळेपणाने बोलतो, तसंच काहीसं.

पण काही गोष्टी तुमच्या गटावर अवलंबून आहेत त्या आधी बघा. गटातल्या किती जणांना इंग्रजी कादंबरी सलग वाचता येते, महिन्याला किती पानं होतात, आणि गटात असं कोणी आहे का ज्याने नोकरी जाणं किंवा दुष्काळ स्वतः काढलाय, कारण तसा एक जरी माणूस असेल तर चर्चा वेगळीच होते. आणि दुसरं म्हणजे मंदी हा एकच सपाट काळ नव्हता. ऑक्टोबर १९२९ ला शेअर बाजार कोसळला तरी १९३० मध्ये बऱ्याच लोकांना वाटत होतं की सहा महिन्यांत निवळेल. १९३३ ला चारातला एक माणूस बेकार होता आणि मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवायला लागल्या. १९३६ ला जरा बरं वाटायला लागलं तोवर १९३७-३८ ला परत घसरण. तेव्हा १९३१ ला गाजलेलं पुस्तक आणि १९३९ ला गाजलेलं पुस्तक एकाच मनःस्थितीतून वाचलं गेलं असं धरून चालू नका, प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने साल लिहून ठेवा, आम्ही तसंच केलं होतं.

आता यादीबद्दल. खपाची यादी म्हणजे ज्यांच्या खिशात पुस्तकाचे पैसे होते त्यांची यादी. १९२९ ते १९३३ मध्ये अमेरिकेत वर्षाला छापल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या प्रती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. नवी कादंबरी दोन ते तीन डॉलरला मिळायची. हे किती, ते कळायला एक हिशोब सांगते. सरकारी रोजगार योजनेखाली केंटकीच्या डोंगराळ भागात बायका घोड्यावरून, खेचरावरून घरोघरी पुस्तकं पोचवायच्या, त्यांना महिन्याला साधारण २८ डॉलर मिळायचे. म्हणजे तीन डॉलरचं पुस्तक हा पगाराच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त झाला, आपल्याकडे पंधरा हजार पगार असलेल्या माणसाने सोळाशेचं पुस्तक घेण्यासारखं. कोण घेईल?

मग लोक वाचायचे कुठून, तर सार्वजनिक वाचनालयातून, आणि औषधांच्या, स्टेशनरीच्या दुकानात एका कोपऱ्यात भाड्याने पुस्तकं ठेवलेली असायची तिथून, दिवसाला दोन-तीन सेंट भाडं. आपल्याकडे गल्लीत मासिकं आणि रहस्यकथा भाड्याने देणारी छोटी लायब्ररी असायची तोच प्रकार. वाचनालयांची ग्रँट कापली गेली आणि त्याच वेळी वाचकांची गर्दी वाढली, हे दोन्ही एकदम झालं. केंटकीच्या त्या बायकांकडे तर पुस्तकंच पुरेशी नव्हती, म्हणून त्यांनी जुनी मासिकं कापून, त्यातल्या पाककृती, गोधडीचे नमुने, गोष्टी असं सगळं वहीत चिकटवून स्वतः पुस्तकं तयार केली आणि ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरवली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या बाइंडिंगच्या कपाटातल्या फाटक्या दिवाळी अंकांकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

यातून एक गोष्ट आपोआप समजते, की त्या काळात इतकी जाड पुस्तकं का चालली. १९३३ आणि १९३४ असं दोन वर्षं पहिल्या नंबरवर असलेलं हर्वे अॅलन यांचं 'अँथनी अॅडव्हर्स' बाराशे पानांच्या वर आहे. 'गॉन विथ द विंड' १०३७ पानं. विकत घेणाऱ्याला तीन डॉलरमध्ये दोन महिने पुरणारं पुस्तक हवं होतं, आणि काम नसलेल्या माणसाकडे दिवस मोकळाच होता. हे मी माझ्या काउंटरवर बघितलंय. २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी न्यायला लागलं त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही पाण्याची तीच दशा होती, कितीतरी जणांची वर्गणी थकली, पण जे येत होते ते जाड पुस्तकं नेत होते. टँकरची वाट बघत बसायचं तर एकच पुस्तक असं हवं की जे आठवडाभर संपणार नाही. देवघेवीच्या वहीत त्या दोन महिन्यांत पातळ कथासंग्रह जागचे हललेले दिसत नाहीत, आणि सातशे-आठशे पानांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिल्यात. त्यांना ऐतिहासिक काही हवं होतं म्हणून नाही, लांब हवं होतं म्हणून.

आता पुस्तकांवर येते, आणि यात मी सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण मला तीन पुस्तकं महत्त्वाची वाटतात.

पहिलं पर्ल बक यांचं 'द गुड अर्थ'. मार्च १९३१ ला आलं, १९३१ आणि १९३२ दोन्ही वर्षं सगळ्यात जास्त खपलेली कादंबरी, १९३२ ला पुलित्झर, आणि १९३८ ला बाईंना नोबेल. पर्ल बक मिशनऱ्यांची मुलगी, आयुष्याचा मोठा भाग चीनमध्ये गेलेला, कादंबरी लिहिली नानजिंगमध्ये राहून. त्यांची मुलगी बौद्धिकदृष्ट्या अपंग होती, तिला अमेरिकेतल्या एका निवासी संस्थेत ठेवलं होतं आणि तो खर्च आयुष्यभर भागवायचा होता, तेव्हा पैशाची गरज त्यांनाही होतीच. अमेरिकन प्रकाशकांना वाटत होतं की चीनमधल्या शेतकऱ्याबद्दल कोण वाचणार. आणि वाचलं तर सगळ्या देशाने!

का वाचलं, ते कादंबरीतल्या घटना नुसत्या ओळीने सांगितल्या तरी कळतं. वांग लुंग नावाचा गरीब शेतकरी, पाऊस पडत नाही, आधी धान्य संपतं, मग बैल जातो, मग घरातलं सामान विकायला निघतं, पण जमीन तो विकत नाही. शेवटी बायकापोरं आणि म्हातारा बाप घेऊन दक्षिणेला शहरात जातो, एका श्रीमंताच्या वाड्याच्या भिंतीला टेकून चटईची झोपडी बांधतो, स्वतः रिक्षा ओढतो, बायको ओ-लान पोरांना भीक मागायला शिकवते. आता हे १९३१ च्या अमेरिकेत ठेवून बघा. १९३० मध्ये अर्कान्सासच्या बाजूला भयंकर दुष्काळ पडला होता, गावोगावच्या बँका बुडत होत्या, शहराच्या कडेला पत्र्याच्या आणि खोक्यांच्या वस्त्या उभ्या राहत होत्या. वाचक चीनची गोष्ट वाचत होता आणि त्याला आपल्याच काकाची आठवण येत असणार, असं मला वाटतं.

या पुस्तकातला एक प्रसंग गटात नक्की वाचा. शहरात दंगल होते, वाडा लुटला जातो, आणि ओ-लान भिंतीतली सैल वीट बरोबर ओळखून तिच्यामागे लपवलेले दागिने काढते, कारण ती लहानपणापासून मोठ्या वाड्यात गुलाम होती, श्रीमंत लोक कुठे काय लपवतात ते तिला माहीत असतं. त्या खड्यांतूनच पुढे जमीन येते. ती स्वतःसाठी फक्त दोन छोटे मोती मागते, घालायला नाही, नुसते जवळ ठेवायला. पुढे वांग लुंग श्रीमंत होतो, दुसरी बाई घरात आणायचं त्याच्या डोक्यात असतं, आणि तो ओ-लानकडे ते दोन मोती मागतो. ती तेव्हा त्याचे कपडे धूत असते. ती काही बोलत नाही, मोती काढून देते आणि दगडावर कपडे धोपटत राहते, डोळ्यातून पाणी येतं ते पुसतही नाही. आमच्या गटात हे सांगून झालं तेव्हा एक काकू, ज्यांनी मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी पाटल्या मोडल्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या की मागितल्यावर द्यावंच लागतं. त्यानंतर तासभर चर्चा चालली, आणि ती चीनची नव्हती आणि अमेरिकेचीही नव्हती.

दुसरं 'गॉन विथ द विंड', मार्गारेट मिचेल, ३० जून १९३६, किंमत तीन डॉलर, आणि सहा महिन्यांत दहा लाख प्रती. सिनेमामुळे आपल्या डोक्यात ती प्रेमकथा म्हणून बसलीये. पण कादंबरीचा मधला मोठा भाग भुकेचा आहे. यादवी युद्धात सगळं जळून गेलंय, नायिका स्कार्लेट घरी, म्हणजे टारा नावाच्या आपल्या इस्टेटीवर, परत येते तर आई गेलेली, बाप भ्रमिष्ट, खायला काही नाही. ती शेजारच्या जळलेल्या वाड्यावर अन्न शोधायला जाते, मागच्या वाफ्यात तिला मुळा सापडतो, तो मातीसकट उपटून तशीच खाते आणि रिकाम्या पोटाला तो सोसत नाही म्हणून ओकते. तशीच मातीत पालथी पडून राहते. आणि उठल्यावर जी शपथ घेते की परत कधी उपाशी राहणार नाही, आणि माझ्या माणसांनाही राहू देणार नाही, ती शपथ १९३६ च्या वाचकाने काय म्हणून वाचली असेल! पुढे खिडकीचे हिरवे मखमली पडदे उतरवून त्याचा ड्रेस शिवायचा आणि टाराच्या करासाठी पैसे मागायला जायचं, म्हणजे घरात काही उरलं नाही हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. ज्यांनी मंदीत उसवलेला कोट उलटा करून शिवून नोकरीच्या मुलाखतीला घातला त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

पण हे पुस्तक गटात घेणार असाल तर एक गोष्ट टाळू नका, मी स्पष्टच लिहिते. यात गुलामगिरी अशी दाखवलीये की जणू गुलाम सुखी होते आणि मालक मायाळू होते, कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेलाही सहानुभूतीने रंगवलंय. हे खोटं आहे, आणि १९३६ लाही कृष्णवर्णीय वाचकांना आणि पत्रकारांना ते खोटं आहे हे माहीत होतं. तो मुळ्याचा वाफाच बघा, तो गुलामांच्या खोल्यांमागचा आहे, त्यांनी स्वतःच्या पोटासाठी लावलेला. स्कार्लेट तो मुळा खाते आणि कादंबरी तिच्या भुकेवर हजार पानं लिहिते, पण ज्यांचा तो वाफा त्यांच्या भुकेकडे वळूनही बघत नाही. आमच्या गटात ही गोष्ट एका बीएच्या मुलाने लक्षात आणून दिली आणि मग आम्ही मागे जाऊन ते प्रकरण परत वाचलं. पुस्तक लोकप्रिय का झालं ते समजून घ्या, आणि त्यात कुणाला बाहेर ठेवलंय तेही त्याच बैठकीत बोला, पुढच्या वेळेवर ढकलू नका.

तिसरं अर्थातच जॉन स्टाइनबेक यांचं 'द ग्रेप्स ऑफ रॉथ', घरदार सोडून निघालेल्या माणसांची ती गोष्ट, १४ एप्रिल १९३९. तारीख मुद्दाम दिली, कारण बरोबर चार वर्षं आधी, १४ एप्रिल १९३५ ला, ओक्लाहोमाच्या बाजूला धुळीचं ते सगळ्यात मोठं वादळ आलं होतं ज्याला तिकडे काळा रविवार म्हणतात. स्टाइनबेकनी १९३६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रासाठी स्थलांतरित शेतमजुरांच्या छावण्यांवर लेखमाला लिहिली होती, तिथे फिरून, लोकांशी बोलून. कादंबरी १९३८ ला जून ते ऑक्टोबर अशा पाचेक महिन्यांत लिहून काढली. १९३९ ला तीच सगळ्यात जास्त खपली, म्हणजे थेट मंदीवरचं पुस्तक लोकांना नको होतं हे म्हणणं इथेच संपतं. मंदीची झळ दहा वर्षं सोसून झाल्यावर ते तिच्याकडे सरळ बघायला तयार झाले, असं मी म्हणेन.

यातलं पंधरावं प्रकरण हे माझं सगळ्यात आवडतं. हायवेवरची खानावळ, मे नावाची बाई काउंटरवर, अल स्वयंपाक करतोय, दोन ट्रक ड्रायव्हर कॉफी पीत बसलेत. एक फाटका माणूस दोन पोरांना घेऊन आत येतो आणि दहा सेंटचा पाव मागतो. पाव पंधरा सेंटचा आहे. तो म्हणतो दहा सेंटपुरता कापून देता का. मे तयार नसते, अल आतून ओरडतो दे त्याला अख्खा, तर हा माणूस म्हणतो नाही, आम्हाला दहाचाच घ्यायचाय, फुकट नको. शेवटी मे म्हणते घे दहालाच. तो कातडी पिशवीतून नाणं काढतो तर त्याला एक पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, चिकटून येते. ती परत टाकणार तेवढ्यात त्याला दिसतं की पोरं काचेतल्या पेपरमिंटच्या कांड्यांकडे बघतायत, हात न लावता, काही न मागता. तो विचारतो ह्या पेनीला मिळतात का. मे म्हणते पेनीला दोन. ते गेल्यावर एक ड्रायव्हर म्हणतो की त्या पेनीला दोन नव्हत्या, एकेक पाच सेंटची होती. आणि मग ते दोघं जाताना बिलापेक्षा कितीतरी जास्त पैसे ठेवून जातात.

एवढंच. पण त्या माणसाचा मान कसा राखला गेला ते बघा, कोणी त्याला 'राहू दे' म्हणून हिणवलं नाही, खोटी किंमत सांगितली. आमच्याकडे किराणा दुकानदार उधारीच्या वहीत कधीकधी असंच करतात, आकडा कमी लिहितात आणि बोलत नाहीत.

आणि ह्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते एक ग्रंथपाल म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅलिफोर्नियात कर्न काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, कादंबरीतली सरकारी छावणी त्याच भागातली. तिथल्या काउंटी बोर्डाने ऑगस्ट १९३९ ला चार विरुद्ध एक मतांनी ठराव करून हे पुस्तक वाचनालयांतून आणि शाळांतून काढायला लावलं. तिथल्या ग्रंथपाल होत्या ग्रेचेन नीफ. त्यांची नोकरी बोर्डाच्या हातात होती, तरी त्यांनी बोर्डाला पत्र लिहून कळवलं की ही सुरुवात घातक आहे, आणि पुस्तकावर बंदी घातल्याने त्यातले विचार मरत नाहीत. बंदी टिकली जवळपास दीड वर्ष, आणि त्या काळात नीफबाईंनी आपल्याकडच्या प्रती कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या वाचनालयांना वाचायला देऊन टाकल्या. प्रती कपाटात कुलूपबंद ठेवल्या असत्या तरी आदेश पाळल्यासारखंच झालं असतं. त्यांनी त्या वाचकाच्या हातात पोचवल्या. माझ्या टेबलावरच्या काचेखाली त्यांचं नाव लिहिलेली चिठ्ठी आहे.

बाकीचं भरभर सांगते. रहस्यकथा प्रचंड चालल्या, डॅशिएल हॅमेट यांचं 'द माल्टीज फाल्कन' १९३० चं, आणि अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांचा वकील पेरी मेसन १९३३ ला आला, म्हणजे चारातला एक बेकार होता त्याच वर्षी. निरपराध माणूस अडकलाय आणि एक हुशार वकील त्याला सोडवतो, ही गोष्ट त्या वर्षी का आवडावी हे मला वेगळं सांगायला नको. स्वस्त कागदावरच्या मासिकांमध्ये याच लेखकांनी आधी हात साफ केला होता. डेल कार्नेगींचं माणसं जोडायची कला शिकवणारं पुस्तक १९३६ चं आणि नेपोलियन हिल यांचं श्रीमंत होण्याबद्दलचं १९३७ चं, दोन्ही आज आपल्या रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर मराठीत मिळतात पण ती मंदीची अपत्यं आहेत हे बहुतेकांना माहीत नसतं. कार्नेगी मला समजू शकतात, जिथे एका जागेला शंभर अर्ज येतात तिथे समोरच्याशी नीट बोलणं हेच भांडवल. हिल मला पटत नाहीत, कारण बेकार माणसाला तुझ्या विचारातच खोट आहे असं सांगणं मला क्रूर वाटतं.

दोन बायकांची पुस्तकं मात्र विसरू नका. सेंट लुईसच्या अर्मा रॉम्बाउर यांच्या नवऱ्याने १९३० ला आत्महत्या केली, हाताशी थोडी शिल्लक होती, त्यातली जवळपास निम्मी घालून त्यांनी १९३१ ला पाककृतींच्या पुस्तकाच्या ३,००० प्रती स्वतः छापून घेतल्या, मुखपृष्ठ मुलीने केलं. तेच 'द जॉय ऑफ कुकिंग', आज अमेरिकेत घरोघरी असतं. आणि लॉरा इंगल्स वाइल्डर, शेअर बाजारात गुंतवलेली घरची पुंजी बुडाली, आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी, १९३२ ला, त्यांचं लहानपणाच्या आठवणींवरचं पहिलं पुस्तक आलं. त्यांच्या १९३५ च्या पुस्तकात एक नाताळ आहे, नदीला पूर आलेला आणि तरी एक शेजारी पोहून पोरींसाठी भेट घेऊन येतो, प्रत्येकीला एक पत्र्याचा पेला, एक पेपरमिंटची कांडी, एक छोटा केक आणि पेल्याच्या तळाशी एक नवी कोरी पेनी. पोरींना वाटतं इतकं सगळं एकदम कुणाला कधी मिळालंच नसेल. पेपरमिंट आणि पेनी, चार वर्षांनी स्टाइनबेकच्या खानावळीतही तेच. हे दोन प्रसंग मी एकाच बैठकीत वाचून दाखवते.

आता तुमच्या मनात असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांबद्दल, म्हणजे आज ज्यांना आपण मंदीच्या काळातलं खरं साहित्य म्हणतो. त्यातली बरीच तेव्हा वाचली गेलीच नाहीत. हेन्री रॉथ यांचं 'कॉल इट स्लीप' १९३४ चं, ते वाचकांपर्यंत पोचलं १९६४ च्या पेपरबॅकनंतर. अलाबामाच्या कूळ शेतकऱ्यांवरचं जेम्स एजी आणि फोटोग्राफर वॉकर इव्हान्स यांचं पुस्तक १९४१ ला आलं तेव्हा त्याच्या हजार प्रतीही खपल्या नाहीत. झोरा नील हर्स्टन यांचं 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' १९३७ चं, ते तर पुढे मिळेनासंच झालं आणि १९७० च्या दशकात लेखिका अॅलिस वॉकर यांनी त्यांच्याबद्दल लिहिल्यावर परत वर आलं. हर्स्टन, रिचर्ड राइट, राल्फ एलिसन हे सगळे मंदीत सरकारच्या लेखक योजनेत पगारावर काम करत होते, १९३५ ला सुरू झालेली ही योजना, बेकार लेखकांना राज्यांची माहितीपुस्तकं लिहायला लावायची. म्हणजे ही पुस्तकं मंदीत जन्मली, पण वाचली गेली नंतर. तुम्ही दोन्ही याद्या एकात मिसळल्या म्हणून गोंधळ झाला. कोणत्या पुस्तकात मंदी आहे हा एक प्रश्न, आणि मंदीतल्या माणसाच्या उशाशी कोणतं पुस्तक होतं हा दुसरा.

पंचवीस सेंटची पेपरबॅक आली तेव्हा दशक संपत आलं होतं. रॉबर्ट डी ग्राफ यांनी १९३९ ला पॉकेट बुक्स काढलं, पहिल्या फटक्यात दहा पुस्तकं, पण त्याआधी १९३८ ला चाचणी म्हणून एकच पुस्तक थोड्या प्रतींत छापून पाहिलं होतं, आणि ते होतं 'द गुड अर्थ'. वांग लुंग परत आलाच.

तर सहा महिन्यांसाठी मी असं सुचवेन. पहिला महिना 'द गुड अर्थ', इंग्रजी सोपं आहे, गटाची भीड मोडते. पुढचे दोन महिने 'गॉन विथ द विंड', एका महिन्यात करायला जाऊ नका, अर्धे लोक गळतील. इंग्रजी जड जात असेल तर युद्धानंतर टाराला परत येण्यापासून करासाठी पैसे मागायला जाण्यापर्यंतचा भागच घ्या, बाकी गोष्ट तोंडी सांगा. चौथ्या महिन्यात हलकं काहीतरी, एक पेरी मेसन आणि सोबत कार्नेगींची दोन-तीन प्रकरणं, हा महिना लोकांना दम खायला लागतोच. पाचव्यात हर्स्टन, कारण 'गॉन विथ द विंड' मध्ये जे बाहेर राहिलेत त्यांचा आवाज तिथे आहे, भाषा मात्र बोलीतली आहे, मोठ्याने वाचलीत तर लागते, डोळ्यांनी वाचलीत तर अडखळायला होतं. सहाव्यात स्टाइनबेक. गटात शेतीवाले जास्त असतील तर स्टाइनबेक आधी घेतलात तरी हरकत नाही, आमच्याकडे तसंच करावं लागलं होतं, कारण ट्रॅक्टर येऊन घर पाडतो ते प्रकरण मी सहज एकदा सांगितलं आणि लोक थांबायलाच तयार नव्हते.

आणि पावाचा प्रसंग ज्या दिवशी वाचाल त्या दिवशी वाचून झाल्याबरोबर प्रश्न विचारू नका. आधी चहा येऊ द्या. आमच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा बोलले ते पूर्ण वर्षभर गप्प बसणारे एक रिटायर्ड एसटी कंडक्टर होते, आणि त्यांनी सांगितलं की सुट्टे नाहीत म्हणून त्यांनी किती जणांना तसंच बसू दिलं होतं.